मायनस साडेपाचचा माणूस

तो दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या फायबरच्या मुंडक्याला नमस्कार करून म्हणाला, "दादा, चष्मा करायचा होता… जरा अर्जंट हाय."

मुंडकं काय बोलणार! फ्रेम कशी दिसते ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्याला आम्ही काळा गॉगल घालून ठेवलेला. मी आत स्टुलावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. चार दाणे तोंडात होते, ते हसताना नाकात जायचे राहिले.

"ते दादा कुणाशीच बोलत न्हाईत," मी म्हटलं. "इकडं बघा."

तो वळला आणि माझ्या शेजारच्या कॅलेंडरला म्हणाला, "माफ करा ताई. चष्म्याशिवाय माझं लई अवघड हाय."

कॅलेंडरवर लक्ष्मी होती, त्यामुळे फार काही चुकलं नव्हतं म्हणा.

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात, जीपा थांबतात त्याच्या समोरच, गोपाळमामाचं हे दुकान. मामा सकाळी बसतो, दुपारी शेताकडं जातो. उरलेलं दुकान माझं. मी शिवकन्या. चष्म्याचा कोर्स केलेली, नंबर काढणारी, काच घासून फ्रेमला बसवणारी, आणि दिवसातून दहा वेळा तेच तेच समजावणारी — आजी, तुमचा नंबर प्लसचा, तुम्हाला जवळचं दिसत नाही; बाळा, तुझा मायनसचा, तुला लांबचं दिसत नाही, जवळचं लख्ख दिसतं. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

त्याचं नाव सोमेश्वर. शिरड शहापूरचा, शेतकऱ्याच्या घरचा. पण हा गडी शिकायला गेला थेट रत्नागिरीला, समुद्रातले प्राणी शिकायला! "हिंगोली जिल्ह्यात समुद्र कुठं हाय रे?" असं गावानं त्याला इतक्यांदा विचारलं होतं की आता तो आपणहूनच सांगायचा, "सिद्धेश्वरचं धरण सोडलं तर पाणी न्हाई, तरी मी समुद्रवाला." एका संस्थेच्या बसमधून तो शाळाशाळांत प्रदर्शन घेऊन फिरायचा. त्या सकाळी बसमधून उतरताना चष्मा पडला, आणि हा खाली चाचपडतोय तोवर ड्रायव्हर तातेरावांनी बस मागं घेतली. चष्म्याचा चुरा रुमालात बांधून आणला होता.

नंबर काढला. मायनस साडेपाच, दोन्ही डोळे. एवढ्या नंबरच्या काचा दुकानात नसतात, हिंगोलीहून मागवाव्या लागतात.

"आज सोमवार. परवापर्यंत येतील," मी म्हटलं.

"शुक्रवारी आमची बस पुढच्या गावाला. त्याच्या आत येतील ना?"

"येतील म्हटलं ना!"

आता राहिलं माप. दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं, त्याशिवाय काच बराबर बसत नाही. शिकवलेली रीत अशी की समोर बसायचं, आपला एक डोळा मिटून पट्टी धरायची, मग तो उघडून दुसरा मिटायचा. माझं तसं जमत नाही. माझा डावा डोळा बसवलेला आहे. सात वर्षांची असताना खेळता खेळता तुरीच्या वाळक्या काडीचं, फणकटीचं टोक लागलं आणि डोळा गेला. ऑपरेशन झालं, मग त्या जागी हा आला. प्लास्टिकचा, रंग अगदी जुळवून घेतलेला, पण हलत नाही. मी कुठंही पाहिलं तरी तो आपला नाकासमोर. शाळेत पोरं मला गारगोटी म्हणायची.

आणि स्थळं आली की आई मला डावी बाजू भिंतीला लावून बसवते. "उजवीकडूनच दिस गं माय," म्हणते. तीन स्थळं आली. तिसऱ्यांना शंका आली म्हणून त्यांनी सुईत दोरा ओवायला लावला. मी पहिल्या झटक्यात ओवला! तरी "कळवतो" म्हणून गेले, ते अजून कळवतायत.

तर माझी रीत अशी. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून मी गिऱ्हाइकाच्या अगदी वीतभर जवळ जाते, पट्टी नाकावर टेकवते आणि डोळे मिटण्याऐवजी मानच इकडून तिकडं सरकवते. माप चुकत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, पोरीची स्टाईल असेल.

त्याच्यापाशी वीतभर गेले तर… काय सांगू! पापण्या लांब, डोळ्यांखाली चष्म्याचे दोन लालसर वळ, आणि श्वास रोखून धरलेला. दोनशे जणांची मापं घेतली असतील मी, पट्टी कधी उलटी धरली नव्हती. त्या दिवशी उलटी धरली, मग सरळ केली.

"कुठं पाहू?" त्यानं हळूच विचारलं.

"माझ्या डोळ्याकडं."

"कोणत्या?"

"…उजव्या."

त्यानं मुकाट्यानं उजव्या डोळ्याकडं पाहिलं. माप चौसष्ट मिलिमीटर भरलं. मी पुन्हा एकदा घेतलं, उगाचच. पुन्हा चौसष्ट.

जाताना दारात अडखळून म्हणाला, "ताई, एक तकलीफ देऊ का? उद्यापासून शाळेत प्रदर्शन हाय. मला समोरची पोरंच दिसत न्हाईत. कोण हात वर करून राहिलं, कोण बरणीला हात लावून राहिलं, एवढं सांगायला कुणीतरी पाहिजे."

मामाला विचारलं तर म्हणाला, "जा की. शाळेचं काम हाय, चांगलंच हाय." मामा कशालाही नाही म्हणत नाही, हा त्याचा दोष आणि माझं नशीब.

मंगळवारी शाळेच्या आवारात उभ्या बसमध्ये गेले; प्रदर्शन तिच्यातच मांडलेलं. बाहेर थंडीतलं कोवळं ऊन, आत पडदे लावून निळसर उजेड, आणि चारी बाजूंना डोळेच डोळे. प्रदर्शनच डोळ्यांचं होतं. मी जन्मभर, म्हणजे कोर्स झाल्यापासून, डोळ्यांचंच काम करते. पण डोळा म्हटलं की दोन, आणि तेही तोंडावर, यापलीकडं माझी अक्कल कधी गेली नव्हती.

"हा तारामासा," तो वाळका तारा हातात धरून पोरांना सांगायला लागला. "ह्याला डोकंच न्हाई. मग डोळे कुठं असतील?"

"तिसऱ्या रांगेतली लाल रिबीनवाली," मी कानाशी सांगितलं.

"बोल बाळा, लाल रिबीन."

"सर, हातावर?"

"बराबर! प्रत्येक हाताच्या टोकाला एक डोळा. पाच हात, पाच डोळे."

पोरं आपापल्या बोटांच्या टोकांकडं बघायला लागली. मीसुद्धा पाहिलं, खोटं कशाला बोलू!

मग लेपा नावाचा मासा. पिल्लू असताना त्याचा एक डोळा इकडं, एक तिकडं, चारचौघांसारखा. मोठा होताना एक डोळा हळूहळू सरकत डोक्यावरून पलीकडं जातो आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला येतात. मग तो वाळूत आडवा पडून दोन्ही डोळ्यांनी वर बघत राहतो. मग एक मोठा शिंपला, चित्रात. त्याच्या कडेला निळ्या मण्यांची रांग. ते मणी म्हणजे डोळे, दोनशेपर्यंत! आणि प्रत्येकाच्या तळाशी इवलासा आरसा. आपला डोळा भिंगानं चित्र जुळवतो, हा आरशानं जुळवतो. मी रोज भिंगं विकणारी बाई, माझ्या अंगावर काटा आला. कुणी बसवले असतील इतके आरसे, त्या काळ्या पाण्यात?

"आणि ही पेटीच्या आकाराची जेलीफिश. हिला चोवीस डोळे हाईत, पण आपल्यासारखा मेंदूच न्हाई."

मागून तातेराव म्हणाले, "चोवीस डोळे अन् मेंदू न्हाई? आमच्या भावकीत हाईत असे बरेच."

पोरांबरोबर मास्तरही हसले. सोमेश्वर हसत माझ्या दिशेला वळला. आता त्याला मी कुठं आहे हे कॅलेंडर न शोधता कळायला लागलं होतं.

दुपारी पोरं गेली. तो हातातला यादीचा कागद पार नाकाला लावून वाचत होता आणि मला त्याचंही हसू येत होतं. मग त्यानं सूक्ष्मदर्शक पुढं सरकवला. "शिवकन्या, इकडं या. हे पोरांना न्हाई दाखवलं, गर्दी करतात." ताई कधी गळालं ते मला बराबर कळलं.

खाली एक खवल्यासारखं कवच होतं. "खडकाला चिकटून राहतो हा. कायटन म्हणतात. ह्या जातीच्या पाठीवर शेकडो डोळे असतात. आता त्यांची भिंगं कशाची हाईत सांगा?"

"मी काय सांगू?"

"दगडाची."

"काहीपण!"

"खरंच. कवच ज्या दगडी पदार्थाचं, त्याच पदार्थाचं भिंग. अन् त्यातनं त्याला दिसतं. वरून मासा आला की सावली वळखतो, खडकाला घट्ट धरतो."

मी वाकून पाहिलं. काळपट कवचात बारीक चकाकते ठिपके. दगड… आणि बघणारा! मग त्यानं माझ्या जागी डोळा लावला आणि बघताना त्याचं तोंड लहान लेकरासारखं उघडंच राहिलं. हजार वेळा पाहिलं असेल त्यानं ते कवच. तरी तोंड उघडं. त्या तोंडाकडं बघत मी उभी होते, आणि तिथंच माझं काम झालं. प्रेम म्हणतात ते हेच असणार, दुसरं काय!

मला सांगावंसं वाटलं की माझ्याकडंही एक गारगोटी आहे, पण तिला दिसत नाही. ओठांवर आलं होतं. मग वाटलं, उद्या चष्मा येणारच, तेव्हा ह्याला दिसणारच आहे. तोवर तरी…

संध्याकाळी हिरासिंगनं जीप दुकानापुढं थांबवून हॉर्न दिला. "शिवकन्या, तुझं हिंगोलीचं पाकीट!"

काचा एक दिवस आधीच आल्या होत्या.

मी पाकीट उघडलं, नंबर तपासला, आणि खालच्या खणात, जुन्या फ्रेमांच्या डब्याखाली ठेवून दिलं. आजवर गिऱ्हाइकाचा चष्मा मी अर्धा तासही अडवला नव्हता. तासाभरानं तो आला.

"आल्या का?"

"न्हाई," मी म्हटलं. हे बोलताना त्याच्याकडं बघायची गरज नव्हती. त्याला कुठं काय दिसणार होतं!

"असू द्या," तो म्हणाला. "मग उद्या याल ना बसमधी?"

बुधवारी त्यानं पडद्यावर माकूळ दाखवला. समुद्रात खोल राहणारा, दहा हातांचा, पोहणारा प्राणी. या जातीचा एक डोळा हा मोठा, पिवळसर, बाहेर आलेला. दुसरा लहान, निळा. मी ओढणी डावीकडं ओढून घेतली.

एक पोरगं म्हणालं, "सर, ह्याचा एक डोळा खराब हाय का?"

सोमेश्वर म्हणाला, "सगळ्यांना आधी तसंच वाटलं बाळा. ह्याचा मोठा डोळा कायम वर बघतो. वरून जो थोडासा उजेड झिरपत येतो त्यात कोण चाललंय ते पाहतो. लहान डोळा खाली बघतो. खाली मिट्ट अंधार, पण तिथले प्राणी स्वतःच चमकतात, ती चमक तो टिपतो. दोन डोळे, दोन कामं. सारखे असते तर ह्याचं भागलंच नसतं."

पडद्यावर तो माकूळ हळूहळू तरंगत होता, लालसर, अंगभर ठिपके. एवढ्या अंधारात कुणी बघायलाही नसताना एवढा नटून. मी पडद्याआड जाऊन ओढणीनं उजवा डोळा पुसला. डाव्यातूनही पाणी येतं माझ्या. बघत नसला तरी रडतो तो.

आणि मग दुपारी ते झालं. कायटनची बरणी हातात घेऊन तो बसमधून उतरत होता. मी लाल रिबीनवालीशी बोलत होते, माझं लक्ष नव्हतं. शेवटची पायरी त्याला दिसली नाही. बरणी छातीशी धरून तो मुरमावर आडवा झाला. बरणी वाचली. कोपर सोलवटून निघालं, शर्टाची बाही रक्तानं भिजली.

"काही न्हाई झालं," तो म्हणत होता आणि तातेराव हळद आणायला धावत होते.

काही नाही कसं! खणात पाकीट होतं की. मी मनात म्हटलं, शिवकन्या, तू त्याला तुझ्यापायी आंधळं ठेवलंस. लाज वाटली पाहिजे. वाटलीच.

गुरुवारी सकाळी सातलाच दुकान उघडलं. काचा घासल्या, फ्रेमला बसवल्या, चौसष्टचं माप पुन्हा तपासलं. तो आला तेव्हा कोपराला पट्टी होती. मी चष्मा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आला?" त्याचा चेहरा उजळला.

"मंगळवारीच आला होता. मी लपवून ठेवला."

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाला, "काहून?"

बोलायचं थोडंच ठरवून आले होते. पण एकदा सुरू झाले ते थांबलेच नाही. "काहून म्हणजे? माझा डावा डोळा बसवलेला हाय म्हणून! चष्मा लावला की तुमाला दिसणार म्हणून! तीन स्थळं परत गेली, त्याचं मला काही वाटलं न्हाई. आई भिंतीला लावून बसवती, मी बसती. पण तुमचं तोंड पडलेलं मला पाहायचं नव्हतं. आन् त्या माकूळाचं काही सांगू नका मला! त्याचे दोन्ही डोळे कामाचे हाईत. माझा प्लास्टिकचा हाय. त्यातनं काहीबी दिसत न्हाई. दोन दिवस तरी… दोन दिवस मला चारचौघींसारखं राहायचं होतं. त्यापायी तुमी पडलात. घ्या, लावा, आन् बघा."

त्यानं चष्मा उचलला, पण लावला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि काउंटरवरून पुढं वाकला. अगदी वीतभर.

"माझा नंबर किती?"

"मायनस साडेपाच. हे काय आता?"

"मायनसवाल्याला काय दिसत न्हाई?"

"लांबचं."

"अन् जवळचं?"

"जवळचं लख्ख…"

माझं तोंड उघडंच राहिलं. दिवसातून दहा वेळा! झोपेतून उठवलं तरी! ज्या पोरीनं अख्ख्या गोरेगावाला हे समजावलं, तिला चार दिवस एवढंसं सुचलं नाही. कागद नाकाला लावून वाचायचा, ते बघून हसत होते मी. आणि सोमवारी पट्टी घेऊन कुठं गेले होते? वीतभर अंतरावर.

"कोणत्या डोळ्याकडं पाहू, म्हणून इचारलं होतं तुला," तो हळू आवाजात म्हणाला. "उगाच इचारलं व्हय?"

तुला. 'तुमाला' नाही.

"मग बोललात काहून न्हाई?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो. कुणाचं असं आपण कसं काढावं? अन्… चष्मा आला असता तर तू बसमधी कशाला आली असतीस?" मग म्हणाला, "एका डोळ्यानं, नुसती मान सरकवून मिलिमीटर मोजून राहिली होतीस तू. मी श्वास रोखून पाहत होतो. असं मी कुठंच पाहिलं न्हाई, समुद्रात बी न्हाई."

मी फायबरच्या मुंडक्याचा गॉगल उगाच सरळ केला.

"आता एक काम कर," तो म्हणाला. "तिकडं जीपांपाशी जा. लिंबाखाली उभी राहा."

"काहून?"

"तुला जवळून पाहिलं. लांबून पाहायची राहिलीस."

मी गेले. रस्ता ओलांडून लिंबाखाली उभी राहिले. सवयीनं डावी बाजू झाडाच्या बुंध्याकडं केली. समोर तो दुकानाच्या पायरीवर आला, खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, लावला.

"शिवकन्या!" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला. "सरळ उभी राहा ना!"

चहावाला बघायला लागला. भाजीवाल्या बेबीबाई मेथीची जुडी हातात धरून थांबल्या. सतरा वर्षांत मला कुणी सरळ उभी राहा म्हटलं नव्हतं. मी वळले. पूर्ण. दोन्ही डोळे त्याच्यासमोर, बघणारा आणि न बघणारा.

तो बघत राहिला… आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं. सूक्ष्मदर्शकात बघताना उघडायचं, अगदी तसंच. मग तो रस्ता ओलांडायला लागला, इकडं तिकडं न बघता. हिरासिंगनं करकचून ब्रेक दाबला.

"ओ समुद्रवाले! चष्मा लावून बी दिसत न्हाई काय?"

"दिसून राहिलं!" तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला. माझ्यापाशी येऊन थांबला. धाप लागली होती. "रविवारी आई-बापूला घेऊन येऊ का तुझ्या घरी?"

"सुईत दोरा ओवणार न्हाई मी. आधीच सांगून ठेवते."

"नको ओवू. बापूला चष्मा लागलाय, त्याचं माप घे."

रविवारी आईनं सतरंजी भिंतीकडं सरकवली. मी ती ओढून खोलीच्या मधोमध आणली आणि मधोमध बसले. आई माझ्याकडं बघत राहिली, पण पाहुणे दारात होते. चहा झाला. मग मी पट्टी घेऊन सोमेश्वरच्या बापूंपुढं वीतभर अंतरावर बसले.

"कुठं पाहू, पोरी?" बापूंनी विचारलं.

"माझ्या उजव्या डोळ्याकडं," मी म्हटलं. "डावा बसवलेला हाय."

आईच्या हातातली बशी वाजली. बापूंनी माझ्या दोन्ही डोळ्यांकडं एकदा नीट पाहिलं, मान डोलावली आणि उजव्यावर नजर लावून बसले. सोमेश्वर कोपऱ्यात श्वास रोखून बघत होता. मी मान सरकवली, पट्टी वाचली आणि वहीत लिहिलं, त्रेसष्ट.